कडेवरचा आवाज

अर्पिता ढोमणेच्या डोक्यावर संवेदकांचं टोपडं चढवलं तेव्हा तिला पहिल्यांदा जे ऐकू आलं ते शब्द नव्हते. पाण्याच्या टाकीत कुणी रेडिओ बुडवावा तसं काहीतरी. त्यातून एक स्वर वर आला, बुडाला, थोडा बदलून परत वर आला.

“यातलं काही समजायला हवंय का?” तिने विचारलं.

“नाही समजलं तर उलट बरं,” काचेपलीकडून डॉ. शर्वरी नाफडे म्हणाल्या. “झोप आली तर झोपा. जागं डोकं मध्ये मध्ये बोलतं.”

अर्पिता हसली. अमरावतीत ती श्रवणयंत्रं बसवून द्यायचं काम करायची. दिवसभर म्हाताऱ्या कानांत शिट्ट्या वाजवायच्या आणि म्हणायचं, ऐकू आलं की बोट वर करा. आज नागपूरच्या या खोलीत तिला बोट वर करायचं नव्हतं. ते काम तिचा मेंदू करणार होता, तिला न विचारता.

०

आवाज:

मी अजून कोणी नाही.

मी एक ऊ आहे, शेवटी जरा वर जाणारा. माझ्यासारखे पुष्कळ ऊ त्यांनी तुझ्या कानात सोडले. बाकीचे वाहून गेले. माझ्यापाशी तुझ्या डोक्यात काहीतरी हललं.

म्हणून मला ठेवलं.

०

राज्यातल्या बालगृहांतून दत्तक गेलेल्या मुलांचे जुने कागद न्यायालयाने उघडायला लावले, तेव्हा ‘बेवारस’ या शब्दाखाली आदिवासी पाड्यांची मुलं त्यांच्या लोकसंख्येच्या मानाने कितीतरी जास्त निघाली. बेवारस कोणाला म्हणायचं हे ठरवणारे लोक पाड्यांवरचे नव्हते. या मुलांची मूळ घरं शोधा, असा आदेश निघाला. रक्त जुळवणं सोपं होतं, पण पाड्यांनी रक्त द्यायला नकार दिला. याआधी जे रक्त घेऊन गेले होते ते परत काही सांगायला आले नव्हते. मग नाफडेबाईंनी रक्त सोडून कान धरले.

जन्मलेलं बाळ जगातल्या कुठल्याही भाषेतले बारीक फरक ओळखू शकतं. वर्षभरात मेंदू निवड करतो. भोवती ज्या आवाजांची वर्दळ असते त्यांच्या वाटा रुंद होतात, बाकीच्या अरुंद. पुढे ते मूल दुसऱ्या घरी गेलं, पहिल्या भाषेतला एक शब्दही त्याला आठवेनासा झाला, तरी त्या वाटा बुजत नाहीत. त्यांच्यावर गवत उगवतं, एवढंच. मेंदू चालतो तेव्हा अतिसूक्ष्म चुंबकीय लहरी उठतात. टोपड्यातले संवेदक त्या टिपतात, आणि कुठला आवाज गवताखालच्या वाटेवरून गेला ते कळतं.

भाषेचं उत्तर पहिल्याच दुपारी आलं. कोरकू. मेळघाट.

पुढचं काम जास्त वेळ खाणारं होतं. पोलिसांचा चित्रकार साक्षीदाराला विचारत विचारत संशयिताचा चेहरा काढतो: नाक जरा लांब, भुवया जाड. यंत्र तसाच आवाज काढायचं. पुष्कळ आवाज ऐकवायचे, मेंदू ज्यांना दचकला ते ठेवायचे, त्यांत थोडे बदल करून पुढची पिढी करायची, पुन्हा ऐकवायचं. अशा कित्येक पिढ्यांनंतर एकच आवाज उरतो. पहिल्या वर्षात त्या बाळाच्या कानाशी जो सर्वांत जास्त होता, तो. इथल्या साक्षीदाराला आपण साक्ष देतोय हे ठाऊकही नसतं.

०

आवाज:

आज मला खाली ओढलं.

मी फार वर होते. हा दोष आहे, असं कोणीतरी म्हणालं. आईचा आवाज इतका पातळ नसतो, म्हणालं. मग मी जड झाले. मला छाती आली. आता मी कोणाची तरी आई आहे.

श्वास तेवढा जुनाच राहिला. ओळ संपायच्या आधी तो संपतो.

०

“हे काय, पोराले निजवते का हाकलते?” कुंदाबाईंनी विचारलं.

अर्पिताने फोन ओट्यावर ठेवला होता. फोनमधली बाई जाडसर आवाजात गुणगुणत होती. चार-सहा अक्षरं पुन्हा पुन्हा, मध्येच तुटणारी.

“निजवत असेल. शब्द पक्के नाहीत म्हणाल्या मॅडम, पण चाल पक्की आहे.”

कुंदाबाई मेथी निवडत राहिल्या. दीड वर्षाच्या अर्पिताला त्यांनी बालगृहातून आणलं तेव्हा ती बोलत नव्हती आणि रडतही नव्हती. तिचं रडणं सुरू व्हावं म्हणून त्यांनी गजाननबाबाला नारळ बोलला होता, हे त्या सगळ्यांना सांगत.

“मी वीस वर्षं तुह्यामागं घसा फोडला,” त्या म्हणाल्या. “दूध पी, अभ्यास कर, गाडी हळू चालव. त्या मशीनले माहा एक शब्द नाही सापडला?”

“ते फक्त पहिल्या वर्षाचं शोधतं, आई.”

“पहिलं वर्ष कोणाले आठवते.”

“तेच तर.”

जुडी संपली. कुंदाबाईंनी देठं एका बाजूला केली, परत भाजीत मिसळली, परत वेगळी केली.

“जाय. पाहून ये. पण तिले घरी नको आणू, आपल्याकडं जास्तीची गादी एकच आहे.” मग जरा वेळाने, पाठ फिरवून: “अजून एकदा लाव ते.”

०

गावोगावच्या बोलीतले फरक टिपलेल्या ध्वनिनकाशाने एकाच खोऱ्यातली तीन गावं दाखवली. पुढचं काम साबूलाल बेठेकर यांनी केलं. हे गृहस्थ स्वतः कोरकू, आश्रमशाळेतून शिक्षक म्हणून निवृत्त झालेले, आता प्रकल्पाचे दुभाषी आणि ड्रायव्हर.

“मूल हरवलं का, असं विचारलं तर कोणी सांगत नाही,” बॅटरीवरची जीप घाटात वळवत ते म्हणाले. “मूल नेलं का, असं विचारावं लागतं. मग रोहणीढाण्यात एक घर निघालं. सोनकाय कासदेकर.”

“तिला सांगितलंत? मी येतेय ते?”

“सांगितलं. पण एक अडचण आहे मॅडम.”

“ती नाही म्हणाली?”

“ती काहीच नाही म्हणाली. अडचण अशी आहे की तुम्ही मेलेल्या आहात.”

रस्त्यावर दोन म्हशी होत्या. त्या बाजूला होईपर्यंत जीप थांबली.

“कधी?” अर्पिताने विचारलं.

“तुमची सिडोली झाली. मी स्वतः जेवायला होतो. बकरा चांगला होता.” त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि त्यांचा सूर बदलला. “आमच्यात माणूस मेला की पुरतात. पण तो लगेच जात नाही, घराच्या आसपास थांबतो. सिडोली केली की तो पितरांत पोचतो. सागाचा खांब कोरून उभा करतात, त्याला मुंडा म्हणतो आम्ही. ज्यांची ज्यांची सिडोली एकत्र झाली, त्यांचा एक मुंडा. मग तेही सुखी, घरचेही सुखी.”

“पण मी मेले नव्हते, भाऊ.”

“ते तुम्हाला माहीत. इथे कोणाला माहीत होतं?”

०

सोनकाय अंगणात कुटकी पाखडत होती. पन्नाशीची, सडपातळ बाई. तिने पाहुणीसाठी खाट टाकायला लावली, पाण्याचा तांब्या दिला आणि सूप परत हातात घेतलं. अर्पिताच्या तोंडाकडे तिने एकदाही पाहिलं नाही. अर्पिता तिच्या कानांकडे पाहत होती. दिवसभर कानच पाहणाऱ्या माणसाला कान चेहऱ्याआधी दिसतात. पाळी गालाला चिकटलेली, वरची कड जरा दुमडलेली. हे कान तिने रोज आरशात पाहिले होते.

प्रकल्पाला एक वाक्य हवं होतं. कॅमेऱ्यासमोर बाईने आपल्या भाषेत म्हणायचं: ही माझी मुलगी. आवाज जुळणं हा पुरावा, आणि ओळख हा दुसरा पुरावा. दोन्ही मिळाले की ती राज्यातली पहिली जुळणी ठरणार होती. बाकीच्या मुलांचे खटले तिच्यामागे रांगेत उभे होते.

“आधी ऐकवा म्हणते,” साबूलाल म्हणाले.

अर्पिताने फोन खाटेवर ठेवला. फोनमधली बाई गायला लागली.

सोनकाय ऐकत होती, पण हात थांबले नव्हते. मग ती काहीतरी बोलली आणि शेजारच्या दोन बाया फिसकन हसल्या.

“विचारते, ही जाडी बाई कोण?”

“तुम्हीच,” अर्पिता म्हणाली. “तुमचा आवाज आहे. तेव्हाचा.”

साबूलालनी सांगितलं. सोनकायने मान हलवली.

“म्हणते, मी कधी गायले? मी खडी फोडायची. घरी यायची तेव्हा तोंडात धूळ. चाल आमची आहे, म्हणते. बाई आमची नाही.”

०

रोहणीढाण्यात फोनची रेंज पाण्याच्या टाकीपाशी येत असे. अर्पिता तिथे जाऊन उभी राहिली.

“मॅडम, तो तिचा आवाज नाही.”

“तुमचा मूळ आवाज फार उंच आला होता,” नाफडेबाई म्हणाल्या. “प्रौढ बाईच्या पट्टीत बसत नव्हता. आम्हाला वाटलं यंत्राची चूक. आम्ही तो खाली आणला. आणि एक थरथर होती ठरावीक अंतराने, ती पुसली.”

“कोणी सांगितलं होतं ती बाई आहे?”

“कोणीच नाही. बाळाच्या कानाशी दुसरं कोण असणार, असं आम्ही धरलं.”

“न पुसलेला पाठवा.”

टाकीखाली उभ्या असलेल्या अर्पिताने तो आधी एकटीने ऐकला नाही. तिचं तेवढं धाडस झालं नाही. ती अंगणात परत आली, खाटेवर बसली आणि फोन पुन्हा लावला.

सात-आठ वर्षांच्या मुलीचा आवाज होता. पातळ, घाईचा. दर दोन-तीन अक्षरांमागे त्याला बारीक धक्का बसत होता. चालताना, अंगाला न पेलणारं ओझं कडेवर घेऊन गायलं की बसतो तसा.

सूप थांबलं. कुटकीचे दाणे एका बाजूला घसरत गेले आणि मातीत सांडले. शेजारच्या बाया उठून आपापल्या घरात गेल्या.

“रामकली,” सोनकाय म्हणाली.

तिने हात लांब केला आणि फोनवर तळवा ठेवला. रडणाऱ्या मुलाच्या तोंडावर ठेवतात तसा नाही, तापलेल्या कपाळावर ठेवतात तसा. अर्पिताने गाणं बंद केलं.

साबूलालनी भाषांतर केलं.

“म्हणते, पुरे. ती दमते.”

०

आवाज:

आता मी लहान आहे. मी अशीच होते.

तू जड आहेस. घसरतेस. मी तुला झटका देऊन वर घेते आणि तेवढ्यात माझी ओळ तुटते. मग मी पुढच्या अक्षरापासून गाते. तुला वाटत असेल गाणं असंच आहे.

०

पुढचं सोनकायने सांगितलं. ती सुपाकडे बघून बोलत होती आणि साबूलाल मागोमाग मराठीत सांगत होते, कधी तिच्या शब्दांत, कधी आपल्या.

दिवाळीनंतर सगळे रस्त्याच्या कामावर चालले होते. बसस्टँडवर सोनकाय मुकादमाला शोधायला गेली. मोठी पोर रामकली, तिच्या कडेवर धाकटी. आमच्यात धाकटं मूल मोठ्या बहिणीच्या कडेवरच वाढतं. आई दूध पाजते, बाकी सगळं बहीण. याला कोणी सोडून देणं म्हणत नाही.

एक जीप आली. दोन बाया, एक माणूस. चांगली माणसं होती, ओरडली नाहीत. त्यांनी विचारलं, आई कुठे आहे? घेऊन ये. एवढ्याशा पोरीच्या कडेवर एवढं मूल बघून एका बाईच्या डोळ्यांत पाणीही आलं. रामकलीने विचार केला की कडेवर मूल घेऊन धावता येत नाही. म्हणून तिने धाकटीला गोधडीवर, त्या रडणाऱ्या बाईजवळ ठेवलं आणि ती आईला आणायला धावली.

आईला घेऊन आली तेव्हा गोधडी होती.

सोनकाय या ऑफिसात गेली, त्या ऑफिसात गेली. मुलीचा कागद मागायचे. मुलगी घरी जन्मली होती, कागद कुठला? रामकली रोज डांबरी रस्त्यावर जाऊन उभी राहायची. जेवायला बोलावलं तर यायची, जेवून परत जायची. पुढच्या पावसाळ्यात तिला ताप आला आणि ती गेली.

“पण गेली नाही,” साबूलाल म्हणाले. “लोकांना रस्त्यावर दिसायची. घरात पाण्याची मडकी पालथी व्हायची. पाठचा मुलगा आजारी पडला. भूमका, आमचा पुजारी, म्हणाला, ती जाणार नाही, तिची कड रिकामी आहे. मग काय करणार? सिडोलीत दोघींचं नाव घेतलं. मुंड्यावर आम्ही घोडेस्वार कोरतो. त्या एका मुंड्यावर घोडा नाही. पोर आहे, कडेवर पोर घेतलेली. सुताराने आधी नाही म्हटलं होतं, असं कधी केलं नाही म्हणून. त्या दिवसापासून मडकं पडलं नाही.”

साबूलाल पुढे बोलले.

“आता ही आई तुमच्या कॅमेऱ्यासमोर बोलली की ही माझी मुलगी, जिवंत आहे, तर रामकलीच्या कडेवरून मूल गेलं. ती परत रस्त्यावर येईल. तुम्हाला पटणार नाही. मी बी.एड. आहे, मलाही अर्धंच पटतं. पण अर्धं पटलं तरी माणूस त्या रस्त्याने संध्याकाळी जात नाही.”

“तिला विचारा,” अर्पिता म्हणाली, “मग मी कोण?”

त्यांनी विचारलं. सोनकायने सांडलेली कुटकी मुठीने गोळा करत एकच शब्द उच्चारला.

“पाहुणी.”

०

रात्री अर्पिता गावातच साबूलालांच्या एका नातेवाइकाकडे राहिली. सकाळी टाकीपाशी गेली तेव्हा नाफडेबाईंचाच फोन आला.

“मी सगळ्या मुलांच्या आवाजांची दुरुस्ती काढून टाकली. काल रात्रभर तेच केलं. सगळ्यांचेच आवाज आम्ही खाली आणले होते, अर्पिता. सगळ्यांना आया करून टाकलं होतं. निम्म्याहून जास्त आवाज मुलींचे आहेत. सहा, सात, आठ वर्षांच्या. कातकरी, माडिया, पावरा. एकामागून एक लावत गेले. मला मध्येच खोलीबाहेर जावं लागलं.”

“आता त्यांची घरं सापडतील?”

“सोपं झालंय. चुकीच्या बाया शोधत होतो, आता बहिणी शोधू. पण न्यायालयाला एक जुळणी हवी. एक तरी आई, जिने कॅमेऱ्यासमोर म्हटलंय. तुमचं सगळं जमलंय, फक्त ते वाक्य...”

“ती म्हणणार नाही.”

“तुम्ही तिला समजावलंत तर?”

अर्पिताने खाली गावाकडे पाहिलं. समजावता आलं असतं. काल सोनकायचा तळवा फोनवर होता तेव्हा तिची बोटं धरून चार शब्द बोलले असते तर कदाचित ते वाक्य कालच मिळालं असतं. हे तिला ठाऊक होतं.

“अहवालात काय लिहू?” नाफडेबाईंनी विचारलं.

“बघते,” म्हणून अर्पिताने फोन ठेवला.

०

खाली साबूलाल जीप पुसत उभे होते. जीप स्वच्छच होती.

“आज तिकडे नवी कुटकी शिजलीय,” ते म्हणाले. “नवं धान्य आलं की आम्ही जेवायच्या आधी पितरांना पान ठेवतो. तुम्हाला बोलावलेलं नाही.”

“बरं.”

“म्हणजे बोलावलंय. पण तुम्हाला नाही.” त्यांनी फडकं झटकलं. “मला सांगता येत नाही. चला तुम्ही.”

गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली मुंडे उभे होते. काही इतके जुने की त्यांवरचा चंद्र-सूर्य पावसाने चाटून गुळगुळीत केला होता. त्या एका मुंड्यापाशी सोनकाय बसली होती. खांबावर एक मुलगी कोरलेली होती, कंबर एका बाजूला काढून उभी, आणि त्या बाजूला चिकटलेलं डोकं आणि दोन पाय. सागाचा रंग जाऊन ते करडं झालं होतं.

साबूलाल लांब थांबले. अर्पिता मुंड्याच्या शेजारी, सोनकायसमोर जमिनीवर बसली. तिला कोणी बस म्हटलं नाही, ऊठही म्हटलं नाही.

सोनकायने पळसाचं एकच पान मांडलं. लहान मुलाला वाढतात तसं लहानसं. त्यावर कुटकीचा भात, उडदाची डाळ. मग ती मुंड्यावरच्या मुलीकडे बघून बोलायला लागली. साबूलाल पाठीमागून हळू आवाजात मराठीत सांगत राहिले.

“रामकलीला म्हणते, आता जड झाली असेल ही तुला.”

मग सोनकायने मान वळवली. काल दिवसभर जिच्याकडे पाहिलं नव्हतं तिच्याकडे तिने सरळ पाहिलं. पितरांशी बोलताना पाहायला हरकत नसते.

तुझं डोकं कोण विंचरतं?

 

तिथे थंडी असते का?

 

पहिल्या दिवशी तुला कोणी खाऊ घातलं? काय घातलं?

 

तू रडली होतीस का?

 

प्रत्येक प्रश्नानंतर सोनकाय थांबत होती. अर्पिताचं तोंड उघडलं.

“मॅडम,” साबूलाल म्हणाले, “मेलेलं माणूस उत्तर देत नाही.”

पण सोनकाय थांबतच होती. मेलेल्यांसाठी थांबतात त्याहून जास्त. तिची नजर अर्पिताच्या ओठांवर होती. ती प्रश्न विचारत होती आणि उत्तराचं ओझं समोरच्या मुलीकडे सरकवत होती. एक शब्द, कुठल्याही भाषेतला. अर्पिताने एक शब्द उच्चारला असता तर ही बाई तिच्या गळ्यात पडली असती, कॅमेऱ्यासमोर हवं ते म्हणाली असती, आणि मग उरलेला जन्म त्या डांबरी रस्त्याकडे पाठ करून बसली असती. हे दोघींनाही स्पष्ट दिसत होतं.

वारा नव्हता. भातावर एक मुंगी चढली.

अर्पिताने ओठ मिटले. हात पुढे केला, पानाच्या अलीकडच्या कडेने भात उचलला आणि खाल्ला. पितरांचं पान जिवंत माणूस खात नाही. लांबून बघत असलेल्या दोन बायांनी पदर तोंडाला लावला. अर्पिता खात राहिली. कुटकी जरा कडवट होती, डाळीत मीठ कमी. पानाच्या बरोबर मध्यापर्यंत आल्यावर ती थांबली आणि पलीकडची, रामकलीची बाजू तशीच ठेवली.

सोनकायने त्या अर्ध्या पानाकडे पाहिलं. ती मुंड्याला हात टेकून उठली, काही बोलली, आणि मागे न बघता गावाकडे गेली.

साबूलाल जवळ आले. त्यांनी अर्पिताला हात देऊन उठवलं नाही, शेजारी येऊन उकिडवे बसले.

“काय म्हणाली?”

“दर वर्षी म्हणतात तेच. नवी कुटकी आली की जेवायला या.”

“कोणाला म्हणाली?”

“दोघींना.”

अर्पिताने मान हलवली. बोटांना लागलेला भात तिने पुसला नव्हता.

“आणि अजून एक म्हणाली,” साबूलाल म्हणाले, “तसं म्हणायची आमच्यात रीत नाही.”

“काय?”

“पुढच्या वेळी मोठं पान आणते, म्हणाली.”